वाफाभर पुदिन्याचे करावे काय?

पिकते तेथे विकत नाही, ही म्हण शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. पुदिन्याच्या बाबतीत तर तिचा अनुभव दरवर्षी दोनदा येतो. फेब्रुवारी सरत आला, थंडी ओसरली, की माळव्यात विहिरीजवळच्या किंवा नळाजवळच्या वाफ्यातला पुदिना एकाएकी तरारून उठतो. हिवाळाभर ज्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते, तो चार हात जागा व्यापून बसतो. पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुन्हा असाच बहर येतो. आपल्याकडे येतो तसा शेजाऱ्याकडेही येतो. मग इंदूरच्या चोइथराम मंडीत जुड्यांचे ढीग लागले की जुडीला मिळणारा पैसा कधी कधी काढणीच्या मजुरीइतकाही उरत नाही.

घरात मात्र पुदिन्याचा उपयोग चटणीपलीकडे सहसा जात नाही. आणि चटणी तरी किती वाटणार व किती खाणार? उरलेला पुदिना फुलावर येतो, खालची पाने पिवळी पडतात, काड्या जून होतात. गुरांपुढे टाकला तर तीही त्याला फारसे तोंड लावीत नाहीत. अशा रीतीने पाणी, खत आणि मेहनत खाऊन वाढलेले पीक डोळ्यांदेखत वाया जाते. पुढे जूनमध्ये तोच पुदिना विकत आणायची वेळ येते.

यावर उपाय सोपा आहे. कापलेल्या पुदिन्याचे तीन वाटे करावेत: एक आजचा, एक आठवड्याचा आणि एक वर्षाचा. या तीन वाट्यांचे पुढे काय करावे, ते या लेखात पाहू. त्याआधी मात्र दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागेल.

आपला पुदिना कोणता?

घराघरात लावतात तो खाण्याचा पुदिना. त्याची पाने सुरकुतलेली, कडा दातेरी आणि वास गोडसर असतो. हा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा आहे. दुसरा आहे तो जपानी पुदिना, ज्याला शेतकरी मेंथा म्हणतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी आणि आसपासच्या जिल्ह्यांत हे मोठे नगदी पीक आहे. त्याच्या पाल्यापासून तेल काढतात आणि त्या तेलातून मेंथॉलचे खडे मिळतात. बाजारात त्यालाच पुदिन्याचे फूल किंवा पेपरमिंटचे फूल म्हणतात. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने या पिकाच्या चांगल्या जाती शेतकऱ्यांना दिल्या आणि आज या तेलाच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे.

नर्सरीतून किंवा पाहुण्यांकडून आणलेला पुदिना कधी कधी हा मेंथा निघतो. ओळख अशी: एक पान चावून पाहावे. जीभ एकदम गार पडली आणि मागाहून कडू लागले, तर तो मेंथा समजावा. चहात एखादे पान ठीक आहे, पण मूठमूठ घालून चटणी करण्याचा हा पुदिना नव्हे. पुढे जे सांगितले आहे ते सर्व खाण्याच्या पुदिन्याविषयी आहे.

पाणी कोणते मिळते?

आपल्याकडे पूर्वापार पद्धत आहे की मोरीचे सांडपाणी जेथे जाते तेथे अळू आणि पुदिना लावायचा. पाणी वाया जाऊ नये हा त्यातला विचार चांगलाच आहे. परंतु या दोन पिकांत एक मोठा फरक आहे. अळू शिजवून खातात, पुदिना कच्चा खातात. अळवाच्या पानावरचे जंतू उकळत्या फतफत्यात मरतात. पुदिन्याच्या पानावरचे जंतू चटणीबरोबर सरळ पोटात जातात.

मोरीच्या पाण्यात बाळाचे लंगोट धुतलेले पाणी असते, आजाऱ्याचे कपडे धुतलेले पाणी असते. शोषखड्डा जवळ असेल तर पावसाळ्यात त्याचे पाणीही वाफ्यात पाझरते. विषमज्वर, कावीळ, हगवण आणि जंत हे विकार याच वाटेने घरात येतात. म्हणून मोरीचे पाणी अळूला, केळीला आणि नारळाला द्यावे. पुदिन्याचा वाफा विहिरीच्या किंवा नळाच्या स्वच्छ पाण्यावर, मोरीपासून आणि शौचकूपापासून दूर, थोड्या उंचवट्यावर करावा. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचते आणि पुदिन्याची मुळे कुजतात, त्यासाठीही उंचवटा बराच. जागा नसेल तर जुन्या घमेल्याला किंवा फुटक्या माठाच्या बुडाला भोके पाडून त्यात लावावा. त्यात तो उत्तम येतो आणि इकडेतिकडे पसरतही नाही.

कच्च्या वापरासाठी पाने तोडल्यावर तीन वेळा भरपूर स्वच्छ पाण्यात बुडवून, हलवून धुवावीत. शेवटचे पाणी उकळून गार केलेले असावे. मिठाच्या पाण्याने जंतू मरतात असा समज आहे, पण त्यावर विसंबू नये. पावसाळ्यात, किंवा पाण्याविषयी शंका असेल तेव्हा, पाने चाळणीत घेऊन अर्धा-एक मिनिट खळखळत्या पाण्यात धरावीत आणि लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात टाकावीत. वास थोडा कमी होतो. पण घरातल्या लेकरांच्या पोटापुढे तेवढा तोटा काहीच नाही. शेजारच्या भाजीवर औषध फवारले असेल तर त्याच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत पुदिना तोडूच नये.

कापणी कशी करावी?

पुदिना न कापता राखला म्हणजे टिकतो, ही समजूत चुकीची आहे. कापल्यानेच त्याला नवे फुटवे येतात. काड्या वीतभर झाल्या आणि कळ्या दिसू लागण्यापूर्वीची वेळ असली, की सकाळी दव वाळल्यावर विळ्याने कापावा. जमिनीपासून दोन-तीन बोटे बुंधा ठेवावा. उपटू नये. संपूर्ण वाफा एकाच दिवशी न कापता अर्धा आज आणि अर्धा दहा-बारा दिवसांनी कापला, तर घरात एकदम ढीग पडत नाही. कापल्यावर मूठभर कुजलेले खत पसरून पाणी द्यावे. तीन-चार आठवड्यांत वाफा पुन्हा भरतो. पानांच्या मागे तांबूस पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा समजावा. अशा काड्या बुडापासून कापून जाळाव्यात, त्या खताच्या ढिगात घालू नयेत.

कापलेला पुदिना पाण्याने भरलेल्या पेल्यात फुलांसारखा उभा ठेवावा आणि रोज पाणी बदलावे. सावलीत तो चार दिवस ताजा राहतो. शीतकपाट असेल तर न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावा, आठवडा निघतो. ओला पुदिना डब्यात कोंबला तर दुसऱ्या दिवशी काळा पडतो.

पहिला वाटा: आजचा

स्वयंपाकात पुदिना वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट आचेची. पुदिन्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. भाजीबरोबर तो उकळत ठेवला तर वास घराबाहेर जातो आणि भांड्यात नुसता चोथा राहतो. म्हणून ताजा पुदिना शेवटी घालावा. दुसरी गोष्ट सोबतीची. पुदिना एकटा कडवट लागतो. एक भाग पुदिना आणि दोन भाग कोथिंबीर, पालक किंवा मेथी, असे प्रमाण ठेवले तर मुलेही तक्रार करीत नाहीत. पुढील मापे चार-पाच माणसांच्या घरासाठी आहेत.

वरण. तुरीचे घट्ट वरण शिजवून, मीठ-हळद घालून चुलीवरून उतरवावे. त्यावर अर्धी वाटी चिरलेला पुदिना पसरावा. दोन चमचे तुपात जिरे, हिंग आणि दोन सुक्या मिरच्या तडतडवून ती फोडणी पुदिन्यावरच ओतावी आणि लगेच झाकण ठेवावे. दोन मिनिटांनी ढवळावे. भाताबरोबर चांगले लागतेच, पण आपल्या माळव्यातल्या बाफल्यांबरोबर हे वरण फारच रुचकर लागते.

पुदिना-भात. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास ठेवावेत. दीड वाटी पुदिना, अर्धी वाटी कोथिंबीर, तीन हिरव्या मिरच्या, पाच लसूणपाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढे आले वाटून त्याचे दोन भाग करावेत. तेलात दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि उभा चिरलेला कांदा परतावा. त्यात वाटणाचा एक भाग, वाटीभर मटार आणि तांदूळ घालून परतावे. मीठ आणि चार वाट्या गरम पाणी घालून भात शिजवावा. पाणी आटले की वाटणाचा दुसरा भाग वर घालून, मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. पहिल्या भागाने रंग व चव येते, दुसऱ्याने वास.

पुदिन्याच्या वड्या. कोथिंबिरीच्या वड्या आपण करतोच. त्यात एक वाटी पुदिना, दोन वाट्या कोथिंबीर, दीड वाटी डाळीचे पीठ, दोन चमचे तांदळाचे पीठ, एक चमचा तीळ, तिखट, हळद, मीठ, थोडी चिंच व गूळ घ्यावा. घट्ट भिजवून, वळकट्या करून, वीस मिनिटे उकडावे. गार झाल्यावर वड्या कापून थोड्या तेलावर परताव्यात. उकडलेल्या वळकट्या शीतकपाटात दोन-तीन दिवस राहतात आणि आयत्या वेळी कामास येतात.

थालीपीठ व भाकरी. थालीपिठाच्या भाजणीत किंवा मक्याच्या पिठात वाटीभर चिरलेला पुदिना, कांदा, मीठ व ओवा घालून थापावे. शेतावर नेण्याच्या न्याहारीसाठी हे चांगले, कारण याच्यासोबत वेगळी भाजी लागत नाही.

उसळ. पुदिन्याचा वसंतातला बहर बहुधा प्रायश्चित्तकाळातच येतो. शुक्रवारी मांस वर्ज्य असते, तेव्हा काय करावे असा गृहिणीला प्रश्न पडतो. हरभऱ्याची, चवळीची किंवा मटकीची उसळ नेहमीप्रमाणे करावी आणि उतरवल्यावर अर्धी वाटी पुदिना व एका लिंबाचा रस घालावा. लिंबामुळे कडधान्यातले लोह शरीराला अधिक मिळते, हा आणखी एक फायदा.

कोंबडी हिरव्या वाटणाची. पुनरुत्थानाच्या सणाला किंवा पाहुणे आले असता ही करावी. गोव्यात काफ्रियाल नावाचे हिरव्या वाटणातल्या कोंबडीचे पक्वान्न प्रसिद्ध आहे. त्याचा आधार कोथिंबीर व हिरवी मिरची असतो. आपल्याकडे पुदिना पुष्कळ असल्याने वाटणात थोडा बदल करता येतो. अर्धा किलो कोंबडीला एक वाटी पुदिना, दीड वाटी कोथिंबीर, पाच मिरच्या, आठ लसूणपाकळ्या, आल्याचा तुकडा, चमचाभर जिरे, सहा मिरे आणि अर्ध्या लिंबाचा रस यांचे वाटण लावून तासभर झाकून ठेवावे. कांदा तांबूस परतून त्यात कोंबडी घालावी आणि झाकणावर पाणी ठेवून अर्धा तास, मांस हाडापासून सुटेपर्यंत, शिजवावी. शेवटी मूठभर चिरलेला पुदिना घालावा. कच्च्या मांसाला लावलेले वाटण उरले तर ते चटणी म्हणून पानात घेऊ नये.

मठ्ठा आणि पन्हे. ताकात पुदिना, आले, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव घालून मठ्ठा करावा. एप्रिलपासून कैऱ्या येतात. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ व मीठ यांचे पन्हे पूर्ण गार झाल्यावरच त्यात वाटलेला पुदिना घालावा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुदिन्याने तोंड गार वाटते, पण अंगातली उष्णता त्याने उतरत नाही. वैशाखाच्या उन्हात गहू काढून आलेल्या माणसाला तारते ते पाणी आणि मीठ. पुदिन्याचे काम एवढेच, की तो ते पाणी माणसाला आवडीने आणि पोटभर प्यायला लावतो. तेवढे काम मात्र तो फार चांगले करतो. बाजारातल्या गोड बाटल्यांवर पैसे घालविण्यापेक्षा मुलांना ही सवय लावावी.

दुसरा वाटा: आठवड्याचा

या वाट्याची एकच मूळ चटणी करावी आणि तिचे रोज वेगळे रूप करावे. दोन वाट्या दाबून भरलेला पुदिना, एक वाटी कोथिंबीर, चार मिरच्या, आल्याचा तुकडा, चमचाभर जिरे, मीठ, दोन चमचे भाजके डाळे आणि एका लिंबाचा रस एकत्र वाटावे. पाणी शक्यतो घालू नये. लागलेच तर उकळून गार केलेले दोन-तीन चमचे घालावे. जाड काड्या घेऊ नयेत, त्या कडू असतात.

चटणी काळी का पडते, असे अनेकजणी विचारतात. पान चिरले की आतला रस हवेला लागतो आणि कापलेल्या वांग्यासारखा काळवंडतो. मिक्सरच्या उष्णतेने हे लवकर होते. म्हणून मिक्सर थांबून थांबून चालवावा आणि लिंबाचा रस वाटतानाच घालावा. पाट्यावर वाटलेली चटणी तापत नाही, म्हणून तिचा रंग अधिक टिकतो. चटणी काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ठेवावी. आंबट चटणी बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ठेवणे घातक आहे. शीतकपाटात ती चार-पाच दिवस चांगली राहते. शीतकपाट नसेल तर रोजची रोज वाटावी. वास बदलला तर टाकून द्यावी, फोडणी देऊन वाचविण्याचा प्रयत्न करू नये.

आता तिची रूपे. सोमवारी तशीच, पोह्यांबरोबर. मंगळवारी दह्यात कालवून, पराठ्याबरोबर. बुधवारी कैरीचा कीस घालून. गुरुवारी दाण्याचे कूट घालून, भाकरीवर. शुक्रवारी चिंच-गूळ घालून, कचोरी किंवा सामोशाबरोबर. कवठाचे दिवस असतील तर कवठाचा गर आणि गूळ घालून. माळव्यात ज्याला कबीट म्हणतात त्याचा आणि पुदिन्याचा मेळ फार चांगला जमतो. हिवाळ्यात तळलेल्या गराडूवर आणि पावसाळ्यात भुट्ट्याच्या किसावरही थोडी चटणी घालून पाहावी. दही किंवा दाण्याचे कूट मात्र खाण्याच्या वेळीच घालावे. ते घालून साठवलेली चटणी लवकर आंबते.

शीतकपाटात बर्फाचा कप्पा असेल तर चटणीचे किंवा नुसत्या वाटलेल्या पुदिन्याचे बर्फाच्या साच्यात गोळे करावेत. ते दोन-तीन महिने टिकतात आणि एकेक गोळा काढून आमटीत, मठ्ठ्यात घालता येतो. पुदिना-लसूण तेलात बुडवून बरणीत बाहेर ठेवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ती करू नये. तेलाखाली हवा नसते आणि तेथे एक प्रकारचा अत्यंत विषारी जंतू वाढू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि वासानेही कळत नाही.

तिसरा वाटा: वर्षाचा

मोठा वाटा वाळवण्यासाठी ठेवावा. मार्च-एप्रिलची कोरडी हवा यासाठी उत्तम. पाने धुऊन, फडक्यावर टिपून पूर्ण कोरडी करावीत. मग सुती कापडावर एकेरी पसरून, वर दुसरे पातळ कापड घालून, वारा येईल अशा सावलीत ठेवावीत. उन्हात वाळविली तर रंग जातो आणि वासही उडतो. चार-पाच दिवसांत पान चुरचुरीत होते. बोटांत धरल्यावर वाकले तर अजून ओल आहे, मोडले तर झाले. एक किलो ताज्या पानांचा साधारण दीडशे ग्रॅम सुका पुदिना होतो. तो अखखाच डब्यात भरावा आणि वापरताना तळहातावर चोळावा. पूड करून ठेवल्यास वास लवकर जातो. पावसाळ्यात डबा ओल्या हाताने उघडू नये.

सुक्या पुदिन्याची एक मिश्र पूड घरात असावी. सुका पुदिना चार चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड चार चमचे, आमचूर दोन चमचे, काळे मीठ दोन चमचे, मिरपूड एक चमचा आणि चिमूटभर हिंग. इंदूरच्या पोह्यांवर जिरावन घालतात, त्याच जातीची ही पूड समजावी. ताक, काकडी, पेरू, उकडलेला बटाटा, भाजलेले कणीस, सर्वांवर ती चालते. मुलांच्या डब्यातल्या पराठ्याच्या कणकेत चमचाभर घातली तर वेगळे तोंडीलावणे लागत नाही.

सरबत करायचे असेल तर अर्धा लिटर पाण्यात एक किलो साखर विरघळवून उकळी आणावी. खाली उतरवून त्यात दोन वाट्या पुदिना बुडवावा आणि गार होईपर्यंत झाकून ठेवावा. मग गाळून आठ-दहा लिंबांचा रस घालावा. कोरड्या बाटलीत, शीतकपाटात, ते महिनाभर राहते. पेलाभर पाण्याला दोन चमचे पुरेत. मधुमेह असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. त्यांना मठ्ठा बरा.

औषध म्हणून किती विश्वास ठेवावा?

जड जेवणानंतर गॅस धरला असता पुदिन्याचा काढा पुष्कळांना बरा वाटतो, आणि तो घेण्यात काही धोका नाही. पाच-सात पाने पेलाभर उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटे झाकावीत आणि गाळून प्यावे. पण छातीत जळजळ होणाऱ्यांनी पुदिना जपून खावा. अन्ननलिका व जठर यांच्यामधले झाकण त्याने सैल होते आणि आंबट पाणी अधिक वर येते.

पुदिन्यात लोह व जीवनसत्त्वे आहेत हे खरे आहे. परंतु चमचाभर चटणीतून ती मिळतात किती? अंगात रक्त कमी असलेल्या बाईने चटणीवर भिस्त ठेवून दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. हगवण लागलेल्या मुलाला पुदिन्याचा रस देत बसू नये. त्याला आधी जीवनरक्षक साखर-मिठाचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉल, किंवा ते असलेले मलम तान्ह्या बाळाच्या नाकाला, ओठाला अथवा छातीला चोळू नये. सर्दी मोकळी व्हावी म्हणून आजी प्रेमाने ते लावते, पण त्या तीव्र वासाने बाळाचा श्वास अडकू शकतो. बाटलीही मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

काड्या आणि मुळ्या

पाने खुडल्यावर काड्यांचा भारा उरतो. तो उकिरड्यावर फेकण्यापूर्वी आपल्याच गावाचे एक देणे आठवावे. १९२४ ते १९३१ या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंदूरच्या कृषिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. तेथे त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत बसविली आणि १९३१ साली तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. जगभर तिला आजही इंदूर पद्धत म्हणतात. काडीकचरा, शेण, गुरांच्या मुताने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि तीन वेळा ढीग उलटायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

पुदिन्याच्या काड्या या ढिगात उत्तम कुजतात. फक्त आधी चार दिवस उन्हात कडकडीत वाळवाव्यात. ओल्या काड्या आणि मुळ्या घातल्या तर त्या खतातच फुटतात आणि पुढे खताबरोबर गव्हाच्या शेतात पुदिना उगवतो.

शेजाऱ्याचा वाटा

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात पुदिन्याचा उल्लेख आहे. परुशी लोक पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दहावा भाग काटेकोरपणे मोजून देत, पण न्याय व दया विसरत, असे प्रभू येशूने त्यांना सुनावले. परसातल्या या साध्या पाल्याचा हिशेब ठेवणारी माणसे त्या काळीही होती, एवढे यावरून दिसते. आपण हिशेब जरूर ठेवावा. पण ज्या घरात वाफा नाही, जेथे म्हातारे माणूस एकटे राहते, किंवा जेथे रोजंदारीवर गेलेल्या आईला भाजी आणायला सवड मिळत नाही, तेथे एक जुडी पोचविणे कोणालाही जड नाही. जुडीसोबत दोन मुळ्याही द्याव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी त्या घरी मागायची वेळ येणार नाही.

शेवटी एका कापणीचा हिशेब मांडून ठेवतो. वाफ्यातून किलोभर पाने निघाली असे समजू. पावशेर आज आणि उद्याच्या जेवणात. पावशेर आठवड्याच्या चटणीला. चारशे ग्रॅम वाळवायला, त्याचा सुमारे साठ ग्रॅम सुका पुदिना पावसाळाभर पुरेल. उरलेल्या शंभर ग्रॅमची जुडी शेजारी. वर्षातून अशा पाच-सहा कापण्या सहज होतात. येत्या कापणीला विळा हाती घेण्यापूर्वी मोरीचे पाणी वाफ्यात येत नाही ना, एवढे मात्र आधी पाहावे.